गर्जेबाईंनी घेतलेली हजेरी

गेल्या महिन्यात सावेडीत भाजी घेत होतो. मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहत होतो, तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "सर, ओळखलं का?"

पंचविशीची मुलगी. खांद्याला पर्स, हातावर घडी घातलेला पांढरा कोट. मी ओळखल्यासारखं हसलो. शिक्षकाला ते जमतं. तिला ते कळलं असावं. "मनीषा," ती म्हणाली. "चंद्रभागा आजीची नात."

मग ओळख पटवायची गरज उरली नाही. ती इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. आजी दोन वर्षांपूर्वी गेली, घरातच, झोपेत. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सर, गर्जेबाईपन गेल्या. दिवाळीनंतर. तुमाला कुनी कळवलं न्हाई?"

कळवलं नव्हतं. मला कळवायला हवं असं कुणाला वाटावं, असं मी काही केलंही नव्हतं. मेथी न घेताच घरी आलो.

पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावच्या हायस्कुलात मी सात वर्षं मराठी शिकवलं. गर्जेबाई तिथे माझ्या आधीपासून विज्ञान शिकवायच्या. शकुंतला गर्जे. ठेंगणा बांधा, तरातरा चालणं, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ. हजेरीचं मस्टर सदैव काखेत. ते त्या शिक्षकखोलीत ठेवत नसत, जेवतानासुद्धा मांडीखाली घ्यायच्या. पर्सऐवजी कंपासपेटी वापरायच्या आणि तिच्यात भाजलेले शेंगदाणे ठेवायच्या. वर्गात छापील मराठी बोलायच्या, शिक्षकखोलीचा उंबरा ओलांडला की गावची. कुणी तक्रार घेऊन आलं, मुलगा असो, पालक असो की शिपाई, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "बघू. आधी पानी प्या."

विज्ञानाच्या या बाईंना भुतांची भीती वाटायची. ही थट्टा नाही. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा टांगलेला होता. त्या खोलीत त्या एकट्या जात नसत. कुणीतरी मुलगी सोबत घ्यायच्या, आत गेल्यावर सांगाड्यावर जुना टेबलक्लॉथ टाकायच्या आणि मग "आता हाडांची नावं सांगा" म्हणून तो काढायच्या. मी एकदा हसलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "हसा तुमी. मला भ्या वाटतं ते वाटतं. खोटं कशाला बोलू?"

एकदा शाळेच्या पायरीवर कुणीतरी उतारा टाकून गेलं. नारळ, हळद-कुंकू, दोन लिंबं, काळ्या बाहुलीला टोचलेल्या सुया. सगळी शाळा पटांगणात ताटकळली. हेडसरसुद्धा मोटारसायकलवरून उतरेनात. बाई आल्या. पाहिलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आलेला मला दिसत होता. त्यांनी पदर खोचला, लिंबं उचलली, बाहुली कचऱ्याच्या डब्यात टाकली, नारळ शिपायाला फोडायला दिला. लिंबांचं सरबत शिक्षकखोलीत केलं आणि प्यायल्या. "तुमी घेनार का?" म्हणून विचारलं. मी ॲसिडिटीचं कारण सांगितलं.

या बाई कादंबरी लिहीत होत्या.

मला हे कळलं तेव्हा मी शिक्षकखोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. त्यांनी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, त्यावर निळ्या शाईत दाट अक्षर. "तुमी मराठीचे. जरा शुद्धलेखन बघा. माझा न आन ण चा घोटाळा हुतो." अकरा वर्षं त्या हे लिहीत होत्या. कादंबरीचं नाव होतं 'नाव काढलेल्या बाया'.

त्यात एक पठार होतं. पठारावर देवळाच्या घंटा सांभाळणाऱ्या घंटेकऱ्यांचं राज्य. पाऊस लांबला, गुरं मेली, मूल दगावलं की घंटेकरी सगळ्या गावाला देवळापुढे बसवायचे आणि एका बाईचं नाव काढायचे. ते नाव भाकरीवर कोळशानं लिहायचे आणि ती भाकरी कुत्र्याला घालायचे. कुत्र्यानं शेवटचा घास गिळला की ते नाव कुणाच्याही तोंडातून निघेनासं व्हायचं. नवऱ्याच्या नाही, पोराच्या नाही. मूल आईला हाक मारायला तोंड उघडायचं आणि आतून नुसता वारा यायचा. बाई गावाबाहेर चालू लागायची. भर दुपारी तिची सावली तिच्यापासून सुटून उभी राहायची. मगच तिच्यात चेटकिणीची शक्ती यायची, आधी नाही. आटलेल्या तळ्याच्या तळाशी अशा बाया राहत होत्या, आणि एकेक करून त्या घंटेकऱ्यांच्या घंटांमधला आवाज चोरून नेत होत्या. एका घंटेकऱ्याला आपलीच घंटा वाजवताना आतून बाईचं रडणं ऐकू येतं, असं एक प्रकरण होतं. ते मी भर उन्हात, व्हरांड्यात बसून वाचलं आणि मान वळवून मागे पाहिलं.

मी मराठीचा एम.ए. तरुणपणी चार कविता छापून आलेल्या. त्या गठ्ठ्यावर मी काय केलं असेल? लाल शाईनं 'पानी'चं 'पाणी' केलं. कादंबरी चांगली आहे, हे मी त्यांना एकदाही बोललो नाही.

शनिवारी शेवटच्या तासाला बाई नववीला त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवायच्या. त्या तासाला मुलं दप्तरं भरायची विसरायची. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं त्या वर्गात निम्मी होती, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आजीआजोबांकडे राहणारी. मनीषा त्यातलीच. घरात ती आणि चंद्रभागा आजी, दोघीच.

त्या वर्षी माघात गावात लहान मुलांना तापाची साथ आली. एक मूल गेलं. गावाच्या वरच्या अंगाला मठ होता. तिथले महाराज चार-पाच वर्षांपूर्वी कुठून तरी येऊन बसले होते. मृदू बोलायचे. गुरुवारी गर्दी व्हायची, आमचे हेडसरही जायचे. मूल गेलेलं घर मठात गेलं. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खालच्या आळीला पांढऱ्या केसांची बाई हाय. एकटी. तिच्या दारात लिंबाचं झाड हाय."

पुढचं कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. चंद्रभागा आजीला हातपंपावर कुणी हंडा लावू देईना. गिरणीवाल्यानं दळण परत केलं. मनीषाच्या बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे बसल्या. ती चार दिवस काहीच बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं बाईंच्या तासाला पाणी मागितलं, आणि तांब्याभर एका दमात प्यायली, तेव्हा बाईंना कळलं.

मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. शेंगदाण्यांची पेटी उघडली, मिटली.

"सर, तुमाला एक सांगते," म्हणाल्या. "मी नऊ वर्षांची हुते. आमची ऊसतोडीची टोळी कोल्हारकडं गेल्ती, प्रवरेच्या काठाला. शेजारच्या पाचटाच्या कोपीतलं पोरगं तापानं गेलं. आदल्या दिवशी माझ्या आईनं त्याला मांडीवर घेतल्यालं. त्याच्या आजीनं ते बघितलं हुतं, म्हनाली हिचीच नजर लागली. दुपारी टोळीतल्यांनी ऊस तोडायच्या कोयत्यानं आईचं केस कापलं आन टोळीतनं हाकलून दिलं. बाप मधी पडला न्हाई. आमी दोघी पायी आलो. किती दिवस लागलं ते मला आठवत न्हाई."

मी हातातलं लाल पेन खाली ठेवलं.

"चालत येन्याचं न्हाई एवढं वाईट वाटत. पुढं काय झालं ठाव हाय का? आईनं पदर असा डोळ्यावर वढून घेतला तो कायमचा. आपली नजर कुनाच्या लेकराला लागू नये म्हनून. तिला सोताला पटलं हुतं, सर. मी बी.एस्सी. झाले तवा पेढं घेऊन गेले. तिनं पायाकडं बघून हातात घेतलं. मेली तोवर तिनं माझं तोंड नीट बघितलं न्हाई."

घंटा झाली. त्या मस्टर घेऊन वर्गावर गेल्या.

शुक्रवारी तिसरा तास चालू होता. मनीषा त्या दिवशी शाळेत नव्हती. साडेअकराच्या सुमारास ती अनवाणी पळत आली आणि थेट बाईंच्या वर्गात शिरली. मठातली माणसं आजीला घेऊन गेली होती. परीक्षा घेणार होते. कढईत तेल तापवायचं, त्यात रुपया टाकायचा आणि आजीनं तो हातानं काढायचा. हात भाजला नाही तर ती निर्दोष.

बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या. "सर, तुमची मोटारसायकल पायजे. मला चालवता येत न्हाई, तुमी पन पायजे."

मी म्हणालो, "बाई, आधी हेडसरांना विचारू."

"त्यांना विचारून आले. ते म्हनले, शाळेनं यात पडू नये." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्ग माझ्याकडे बघत होता. मुलांनी बघितलं नसतं तर मी उठलो असतो की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

वाटेत मागच्या सीटवरून त्या एवढंच म्हणाल्या, "माझे हात गार पडलेत." मठाच्या कमानीशी मी गाडी थांबवली. "तुमी आत या असं म्हनत न्हाई," बाई म्हणाल्या. "पोलिसांना फोन लावा." त्या आत गेल्या. मी फोन लावला. तालुक्याहून गाडी निघायची होती. मी इंजिन बंद केलं नाही. कमानीतून आतलं सगळं दिसत होतं.

मठाच्या पटांगणात पन्नास-साठ माणसं बसली होती, बायाही होत्या. मधोमध तीन दगडांवर कढई. शेजारी चंद्रभागा आजी मांडी घालून बसलेली, तोंडावर हळद फासलेली. ती रडत नव्हती. कढईखाली लाकडं सारणाऱ्या माणसाकडे ती नुसती बघत होती. महाराज ओट्यावर होते.

बाई आजीशेजारी जाऊन खाली बसल्या. महाराज म्हणाले, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. ह्ये देवाचं काम हाय. मधी येऊ नका."

बाई खाकरून म्हणाल्या, "मग आधी माझा हात घाला. मी चेटकिनीची लेक हाय. माझ्या आईला कोल्हारच्या फडावर चेटकीन ठरवली. इथं कुनाला म्हाईत नसंल, म्हनून सांगते."

मला वाटलं, आता यांना उचलून बाहेर टाकतील. बाईंनी काखेतलं मस्टर काढलं, मांडीवर उघडलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. त्या नववीच्या मस्टरात नसलेली नावं त्या वाचत होत्या.

"बाळासाहेब शंकर."

बाईंनी मान वर केली. लाकडं सारणारा माणूस थांबला होता. "बाळू, हजर हायस का न्हाई?"

"हाय बाई," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं असावं.

"संगीता भीमराव."

बायांतून बारीक आवाज आला, "हजर."

"दत्तू. दत्तात्रय रावसाहेब. दोन वर्षं नववीत हुतास." कुणीतरी हसू दाबलं. एक जण मागच्या मागे उठून निघून गेला. गावातली तिशीच्या आतली निम्मी माणसं बाईंच्या हाताखालून गेली होती. त्या एकेक नाव घेत गेल्या, बापाच्या नावासकट. काहींनी उत्तर दिलं, काहींनी माना खाली घातल्या. एक जण म्हणाला, "बाई, ह्ये बरं न्हाई करीत तुमी." त्याचंही नाव त्यांनी घेतलं. मग त्या शेजारी वळल्या. "आन हिचं नाव काय? चार दिवस सगळे 'ती, ती' करताय. कुनाला म्हाईत हाय का?"

"चंद्रभागा," संगीता म्हणाली. "चंद्रभागा मावशी."

महाराजांनी शांतपणे हात वर केला. "झालं का? आता पुढचं उरका."

त्यांच्या दोन माणसांनी आजीचं मनगट धरलं. बाईंनी तिला दुसऱ्या बाजूनं मिठी मारली. ओढाताणीत कुणाचा तरी पाय कढईला लागला. कढई कलली. मला आधी तेल दगडांवर चरचरल्याचा आवाज आला, मग बाईंचा. त्यांच्या डाव्या पावलावर तेल सांडलं होतं. माणसं उठून पळू लागली. बाळू मात्र पळाला नाही. त्यानं मठाच्या रांजणातून पाणी आणलं आणि बाईंच्या पायावर ओतत राहिला. मी तेव्हा आत गेलो. तेव्हा आत जायला काही लागत नव्हतं.

पोलिसांची गाडी आली तोवर महाराज मागच्या दारानं निघून गेले होते.

बाईंनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली फिर्याद दिली. दवाखान्याच्या खाटेवर बसून त्यांनी जबाब लिहून दिला, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. महाराजांना तिसऱ्या दिवशी पकडलं. मग गाव उलटलं. महाराजांच्या विरोधात बोलता येत नव्हतं, बाजूनंही उघड बोलता येत नव्हतं, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की बाई शनिवारी पोरांना चेटकिणींची गोष्ट सांगतात. देवाच्या माणसांना त्या गोष्टीत राक्षस केलं आहे. पोरांच्या मनात चेटूक भरवतात. शाळेत पालकांची सभा झाली. संस्थेचे दोन पदाधिकारी आले होते. हेडसर सारखे कपाळ पुसत होते.

मागण्या दोन होत्या. फिर्याद मागे घ्या. आणि ते लिखाण आणून द्या, गावासमोर जाळू. त्याच्या बदल्यात चंद्रभागेचं पाणी सुरू होईल, दळण सुरू होईल, तिच्या अंगाला कुणी हात लावणार नाही.

बाई पायाला पट्टी बांधून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "फिर्याद मागं घेनार न्हाई. कागद देते."

सभा संपल्यावर मी त्यांच्यामागे गेलो. मी चिडलो होतो. "अकरा वर्षांचं काम आहे बाई. पाणी देणं हे त्यांचं कामच आहे, कायद्यानं भाग पाडता येईल."

"कायदा येईल तवा येईल. म्हातारीला आज सांजच्याला पानी लागतं." त्या शेंगदाण्यांची पेटी चाचपत होत्या. "शेवटची तीन प्रकरनं तुमच्याकडं हायेत, शुद्धलेखनाला. ती पन आना."

"ती त्यांना कुठं माहीत आहेत?"

"मला म्हाईत हायेत ना. सगळं देते म्हनलं मी."

मी आणून दिली. ठेवून घेतली असती तर गावात कुणाला कळलं नसतं. पण बाईंना कळलं असतं. या दोन वाक्यांमध्ये मी अजून अडकलेलो आहे. शाळेच्या पटांगणात सकाळी दहा वाजता, राष्ट्रगीत झाल्यावर, कागद जाळले. जुन्या उत्तरपत्रिकांचा कागद जाड, लवकर पेट घेईना. शेवटी बाईंनीच काठी घेतली आणि गठ्ठा मोकळा करून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, मी खाली बघत होतो. त्या संध्याकाळी बाई हातपंपावर जाऊन उभ्या राहिल्या आणि आजीचा हंडा भरेपर्यंत हलल्या नाहीत.

गोष्ट पुन्हा लिहायला घेतली का, असं मी त्यांना वर्षभरानं विचारलं. "न्हाई," म्हणाल्या. "आता त्यातल्या बाया मला घाबरवत न्हाईत. मग कशी लिहिनार?"

खटला उभा राहिला तोवर माझी सुप्याला संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. आजीखेरीज साक्षीदारांपैकी तिघेच टिकले. मनीषा, बाळू आणि बाई. मी फोन केला एवढंच सांगायला मलाही बोलावलं होतं. बाईंची उलटतपासणी तासभर चालली. बचावाचा वकील तरुण आणि हुशार होता. त्यानं विचारलं, "तुमचा भुतांवर विश्वास आहे?"

"मला भीती वाटते."

"म्हणजे विश्वास आहे. विज्ञानाच्या शिक्षिका असून."

"भीती वाटते म्हणाले मी."

"मग त्या दिवशी तुम्हाला चंद्रभागाबाईंची भीती वाटली?"

"नाही." बाई छापील मराठीत बोलत होत्या, वर्गात बोलायच्या तशा. "मला महाराजांची भीती वाटली. अजून वाटते."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. निकाल बऱ्याच काळानं लागला. मनगट धरणाऱ्या दोघांना शिक्षा झाली. महाराज पुराव्याअभावी सुटले आणि मठात परत येऊन बसले. गुरुवारची गर्दी पुन्हा होऊ लागली. परीक्षा मात्र त्यांनी परत कुणाची घेतली नाही. बाई निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत, त्याच गावात राहिल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या साक्षीच्या दिवशी. दुपारचे चार वाजले होते. कोर्टाच्या फाटकाबाहेर महाराजांची चाळीसेक माणसं भगव्या टोप्या घालून उभी होती. घोषणा नव्हत्या, नुसती उभी होती, आणि तेच वाईट होतं. मी म्हणालो, "बाई, मागच्या बाजूनं जाऊ. मी गाडीवर घरापर्यंत सोडतो."

"तुमाला उलटं पडंल," त्या म्हणाल्या. "आन उद्या-परवा मला ह्यांच्यातनंच जायचं हाय."

त्या लंगडत पुढे गेल्या. माणसं बाजूला झाली नाहीत, पण अडवलंही नाही. बाईंना अंग चोरून वाट काढावी लागली. स्टँडवर गावाकडे जाणारी एकच काळी-पिवळी जीप उभी होती. ती भरत आली होती, आणि भरणारी सगळी ह्याच टोप्यांची माणसं होती. बाई दाराशी थांबल्या. आत कुणी हललं नाही. ड्रायव्हर आरशात बघत होता. मी दहा पावलांवर गाडीला किल्ली लावून उभा होतो. मी हाक मारणार होतो.

मग मधल्या बाकावरच्या एकानं मांडी आवळून घेतली. बोटभर जागा झाली. त्याच्या शेजारच्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाई दोघांच्या मधे बसल्या, मस्टर मांडीवर घेतलं, भाजलेला पाय जरा पुढे काढला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला आता. उशीर हुतोय."